तात्यांची दीड फेरी

मी एक स्पोर्ट्स कार बोलतेय, आणि आधीच सांगते, मी आज गोड बोलणार नाही. इंदापूर तालुक्यातल्या एका पोलीस चौकीच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली मी उभी आहे. काचेवर पाखरांची विष्ठा वाळली आहे. मागचं एक चाक बसलं आहे. माझ्या दारावर खडूनं एक नंबर लिहिलाय आणि कागदावर माझं नाव आहे 'मुद्देमाल'. येणारेजाणारे थांबतात, माझ्याबरोबर फोटो काढतात आणि निघून जातात. इथं कशी आलीस, असं कुणी विचारत नाही. म्हणून मीच सांगते.

माझा जन्म परदेशातला, थंड देशातला. इंजिन पाठीमागे, बसायला जागा दोघांनाच, रंग हळदीसारखा पिवळा. मला बनवणाऱ्या माणसांनी माझं एकेक अंग पुन्हापुन्हा तपासलं होतं. इंजिनाची चाचणी त्यांनी जितके दिवस घेतली, त्याहून जास्त दिवस ब्रेकची घेतली. जी गाडी पळते तिला थांबताही आलं पाहिजे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढच्या माणसांना ते ठाऊक नव्हतं, आणि माझा सगळा राग त्यापायी आहे.

पहिला मालक पुण्याचा, सोन्याचांदीचा व्यापारी. त्यानं मला हौसेनं घेतलं आणि चार वर्षं तळघरात झाकून ठेवलं. दसऱ्याला हार घालायचा, नारळ फोडायचा, आणि पाहुणे आले की जागच्या जागी उभी करून माझा आवाज ऐकवायचा. रस्त्यावर काढलं की प्रत्येक गतिरोधकाला माझं पोट खरवडायचं आणि तो मलाच शिव्या द्यायचा. शेवटी कंटाळला आणि मला शिवम नावाच्या माणसाला विकून मोकळा झाला.

शिवमची पुण्यात कंपनी होती. 'एक दिवस स्पोर्ट्स कार चालवा' असे कार्यक्रम तो गावोगावी घ्यायचा. त्याच्याकडे माझ्यासारख्या तीन गाड्या होत्या. आज एका शहरात, उद्या दुसऱ्या. दिवसाला तीसतीस माणसं माझ्यात बसायची. कुणी चपलेसकट सीटवर पाय ठेवायचं, कुणी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदमच दाबायचं. निम्म्या लोकांना गाडी चालवायचीच नसायची, गाडी चालवतानाचा व्हिडिओ हवा असायचा. शिवमला त्याचं काही नव्हतं. मला धुऊन पुसून चकचकीत ठेवलं की त्याचं काम झालं. चकाकी वरून दिसते. ब्रेक चाकाच्या आत असतात.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही इकडं आलो. बारामतीहून इंदापूरकडे जाताना एका माळावर एका कंपनीनं अवजड गाड्यांच्या चाचणीसाठी गोल रस्ता बांधला होता आणि पुढं सोडून दिला होता. शिवमनं तो दोन दिवसांसाठी भाड्यानं घेतला. रस्ता चांगला होता. एक बाजू किलोमीटरभर सरळ, तिच्या टोकाला डावीकडे कडक वळण. वळणाच्या पलीकडे थोडी मोकळी माती, मग तारेचं कुंपण, आणि कुंपणाला लागूनच पेरूची बाग. त्या दिवशी बागेत बायका पेरूंना पिशव्या घालत होत्या. अकरा जणी होत्या. त्यांचं बोलणं मला सकाळपासून ऐकू येत होतं.

सकाळी नऊची पहिली वेळ सावळाराम तात्यांची होती. तात्या सणसरचे. एकतीस वर्षं विजयसिंहरावांच्या घरी ड्रायव्हर होते. विजयसिंहरावांची या भागात ट्रॅक्टरची शोरूम, शीतगृह आणि बरंच काही. एकतीस वर्षांत तात्यांनी त्यांच्या सगळ्या गाड्या चालवल्या, पण एकही स्वतःसाठी चालवली नाही. मागच्या सीटवर कुणीतरी बसलेलं असायचंच. वर्षापूर्वी ते कामावरून निवृत्त झाले. त्यांची मुलगी अनिता गावातच भाजीपाल्याची रोपवाटिका चालवते. बापाला साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून तिनं हा दिवस त्यांना भेट दिला होता. दहा फेऱ्या.

तात्या इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. माझ्याभोवती त्यांनी एक चक्कर मारली. हात लावला नाही. वाकून चारी टायर पाहिले, खाली जमिनीवर कुठं तेल गळतंय का तेही पाहिलं. इतक्या माणसांत तसं पाहणारा तो मला पहिला माणूस भेटला.

तात्या बसणार तेवढ्यात विजयसिंहरावांचा मुलगा यशराज चार मित्रांना घेऊन आला. त्याची वेळ दुपारची होती. पण त्यानं शिवमच्या खांद्यावर हात टाकला, बाजूला नेलं, आणि दोन मिनिटांत शिवम परत येऊन म्हणाला, तात्यांना थोडं थांबावं लागेल, काही तांत्रिक अडचण आहे. कसली अडचण? मी ठणठणीत उभी होते.

तात्या मंडपातल्या खुर्चीवर जाऊन बसले. यशराजनं आपला फोन आणि पाकीट सवयीनं त्यांच्याच हातात दिलं, आणि मला घेऊन सुटला.

तो दिवस मी विसरणार नाही. शेजारी शिकवणारा माणूस बसवायचा नियम होता. यशराज म्हणाला, मला गरज नाही. शिवमनं मान डोलावली. मग यशराजनं मला सव्वीस फेऱ्या पळवलं. मध्येमध्ये मित्रांना दिलं. सरळ रस्त्यावर शेवटपर्यंत दाबायचं आणि वळणावर लाथ मारल्यासारखा ब्रेक मारायचा. एक फेरी सावकाश घेऊन मला निवू द्यावं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. अकरापर्यंत माझ्या पुढच्या चाकांतून धूर यायला लागला. मित्र टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, भारी दिसतंय.

मंडपात उन्हं आली होती. तात्या तिथंच बसून होते. यशराजनं खिडकीतून पाण्याची बाटली मागितली तेव्हा ते उठले. अनितानं त्यांचा हात धरला आणि खाली बसवलं. ती शिवमकडे गेली, वेळेचा कागद त्याच्यापुढं धरला आणि विचारलं की हे नाव कुणाचं आहे. शिवम तिच्याशी फार नम्रपणे बोलला. इतक्या नम्रपणे की त्यात उत्तरच नव्हतं.

साडेअकराला संभाजीनं माझ्या चाकात डोकावून पाहिलं. संभाजी सांगवीचा मेकॅनिक. शिवम या भागात आला की त्याला बोलावून घ्यायचा. संभाजीनं जाळीतून बॅटरी मारली आणि त्याचा चेहरा उतरला. तो शिवमला माझ्याजवळ बोलावून म्हणाला की ब्रेकचे पॅड संपलेत, ब्रेक ऑइलला उकळी आलीय, गाडी बंद करा. मी दोघांच्या मध्येच उभी होते, सगळं ऐकत होते.

शिवम म्हणाला, "आजचा दिवस काढ."

एवढंच. आणि संभाजी गप्प बसला. त्याचाही मला राग आहे, पण त्याच्याविषयी पुढं सांगते.

दुपारी बाराला तात्यांची पाळी आली. दहा फेऱ्यांच्या पाच झाल्या होत्या, वेळ उरला नाही म्हणून. शिवम स्वतः शेजारी बसला आणि फोन काढून मेसेज वाचू लागला.

तात्यांनी सीट पुढं घेतली, आरसे लावले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. आणि मला, गाडीला, हळूच म्हणाले, "चल बाई."

पहिली अर्धी फेरी त्यांनी सावकाश घेतली. माझा प्रत्येक आवाज ते ऐकत होते. गिअर बदलताना धक्का नाही, वळताना ओढ नाही. एकतीस वर्षं मागच्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळू न देता चालवलेला तो पाय होता. मला वाटलं, आपण कशासाठी जन्मलो हे कळणारा माणूस आज भेटला. मग सरळ रस्ता आला आणि त्यांनी पाय दाबला.

मी निघाले. काटा शंभरावर गेला, दीडशेवर गेला, त्याच्याही पुढं गेला. तात्या हसत होते. मोठ्यानं नाही. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, आणि चेहरा पोरासारखा. मंडपाजवळून आम्ही गेलो तेव्हा अनिता दोन्ही हात वर करून उभी होती. माझ्या आयुष्यातली ती एकच फेरी मी माझी म्हणते. त्या वळणावर तात्यांनी लवकर आणि हलका ब्रेक लावला, म्हणून मी निभावून नेलं. पण आत काहीतरी सुटत चाललंय हे मला कळत होतं. ओरडून सांगायला मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या फेरीत, त्याच सरळ रस्त्याच्या टोकाला, तात्यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल तळाला गेलं.

समोर वळण, त्याच्यापुढं माती, माती संपली की कुंपण, आणि कुंपणाजवळच्या झाडांखाली बायका. शिवमच्या हातातला फोन पडला. तात्या ओरडले नाहीत. त्यांनी पेडल दोनतीनदा भराभर मारलं, थोडा दाब मिळाला तो धरला, एकेक गिअर खाली आणत गेले. पुढच्या चाकांत लोखंडावर लोखंड घासून जो आवाज निघाला, तो मी माझ्या अंगातून पहिल्यांदाच ऐकला. वळण घ्यायला गेलो असतो तर उलटलो असतो, म्हणून तात्यांनी मला सरळ मातीत घातलं. हातब्रेक हळूहळू ओढत नेला. मी थांबले तेव्हा माझं नाक कुंपणापासून हातभर अंतरावर होतं. पलीकडे एक बाई हातात पेरूची पिशवी धरून तशीच उभी होती.

तात्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. ती हलली तेव्हा त्यांनी श्वास सोडला. मग त्यांनी मला पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगानं मंडपापर्यंत आणलं.

आता ऐका शिवम काय म्हणाला. खाली उतरताना त्यानं पडलेला फोन उचलला. मंडपात पोहोचेपर्यंत त्यानं चेहरा सावरला, सगळ्यांकडे बघून हसला आणि म्हणाला, "काही नाही. वय झालंय, काकांचा पाय घसरला."

मला वाटलं माझं इंजिन फुटेल. ज्या पायानं त्याचा जीव वाचवला, त्याच पायाला तो दोष देत होता. यशराजचे मित्र हसले. एकानं तात्यांची नक्कल केली. यशराज हेल्मेट घालत पुढं आला, त्याला अजून पाच फेऱ्या हव्या होत्या. शिवम म्हणाला, दहा मिनिटं निवू द्या, मग न्या.

तात्यांनी माझी किल्ली खोबणीतून उचलली आणि शर्टाच्या खिशात घातली.

शिवमनं हात पुढं केला. तात्या म्हणाले, ब्रेक गेलेत, गाडी कुणाला मिळायची न्हाय. शिवमनं पुन्हा तेच सांगितलं, पाय घसरला म्हणून. तात्या नुसते माझ्या दारापुढं उभे राहिले.

मग यशराज बोलला. आवाज चढवला नाही त्यानं. "तात्या, किल्ली द्या. तुमचा सुयोग आमच्याच शोरूमला आहे, एवढं लक्षात असू द्या."

सुयोग तात्यांचा मुलगा.  तात्यांनी खाली पाहिलं. त्यांचा हात खिशाकडे गेला. ते देतील असं मला वाटलं. एकतीस वर्षं त्या घराला कधी नाही म्हटलं नव्हतं त्यांनी.

"दादा," ते म्हणाले, "तुमाला सात वर्सं शाळंत सोडलं. ब्रेक दाबून बघितल्याबिगर एक दिस गाडी काढली न्हाय. आज बी काढू देणार न्हाय. सुयोगचं काय ते तुमी बघा."

यशराजचा चेहरा काळवंडला. मित्रांपैकी एकजण पुढं सरकला, किल्ली हिसकावायला. तेवढ्यात अनिताचा आवाज आला. ती मधल्या वेळात कुंपणापाशी गेली होती, आणि आता परत येत होती. तिच्यामागे बागेतल्या बायका होत्या. अकराही जणी, डोक्याला पंचे बांधलेल्या, हात पेरूच्या चिकानं काळे झालेल्या. त्यांची मुकादम कुशाबाई पुढं होती. माझ्या समोर कुंपणापलीकडे उभी होती ती हीच.

कुशाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग शिवमकडे. "ही गाडी थांबली नसती, तर कुठं आली असती?" तिनं विचारलं.

शिवमनं फोनमध्ये डोकं घातलं.

"म्या इचारलं काहीतरी," ती म्हणाली.

अनिता संभाजीकडे वळली आणि म्हणाली, चाक उघडा. शिवम घाईनं म्हणाला की इथं हत्यारं नाहीत, गाडी पुण्याला नेऊन बघू. संभाजीची हत्यारांची पेटी त्याच्या पायाशीच पडली होती. संभाजीनं शिवमकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, आणि जॅक घेऊन माझ्या पुढच्या डाव्या बाजूला बसला.

चाक निघालं. पॅडवर पॅड असं काही उरलंच नव्हतं. नुसत्या लोखंडी पट्ट्या, त्याही निळ्या पडलेल्या, आणि डिस्कवर बोट जाईल एवढ्या चऱ्या. वाकून बघणाऱ्यांत यशराजही होता. याच चाकांवर तो पुन्हा निघाला होता. तो सरळ झाला, हेल्मेट काढलं, आणि आपल्या गाडीकडे चालू लागला. तात्यांच्या खिशात त्याचा फोन आणि पाकीट अजून होतं. तात्यांनी ते अनिताच्या हातून पाठवून दिलं. स्वतः गेले नाहीत. त्यांना आभाराचा एक शब्द कुणी म्हटला नाही. शिवमनं माझ्यावर ताडपत्री टाकली आणि बस झालं, बस झालं म्हणत लोकांना पांगवायला लागला.

पण अनिता पांगली नाही. मंडपातल्याच टेबलावर बसून तिनं तक्रार लिहिली. खाली तात्यांची सही, तिची सही, आणि अकरा बायकांच्या सह्या आणि अंगठे. संध्याकाळच्या आत पोलीस आले, पंचनामा झाला, आणि मला ओढून या चौकीत आणलं.

संभाजीनं त्या दिवशी जबाबात काही सांगितलं नाही. म्हणाला, सांगितलं तसं चाक उघडलं, बाकी मला माहीत नाही. चौथ्या दिवशी तो आपणहून आला. हातात प्लास्टिकची पिशवी होती, आणि तिच्यात माझ्या डाव्या चाकातल्या त्या निळ्या पट्ट्या, त्याच दिवशी त्यानं काढून ठेवलेल्या. साडेअकरालाच मी मालकाला सांगितलं होतं, असं त्यानं लिहून दिलं. त्याला शिवमचं काम पुन्हा मिळणार नाही. तेव्हापासून त्याच्यावरचा माझा राग थोडा उतरला आहे. पूर्ण नाही. साडेअकराला त्यानं सगळ्यांदेखत तोंड उघडलं असतं, तर बारा वाजता ती बाई तशी उभी राहिली नसती.

आठव्या दिवशी शोरूममध्ये सुयोगला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. कारण विचारलं तर कारण नाही म्हणाले. आता तो बहिणीच्या रोपवाटिकेत ट्रे भरतो, रोपं पोहोचवतो. काम वाईट नाही. पण ज्यानं ब्रेक गेलेली गाडी अडवली त्याच्या पोराचं काम गेलं आणि ज्यानं ब्रेक जाळले त्याला कुणी हटकलं नाही, हे आठवलं की बॅटरी उतरलेली असूनही माझ्या अंगात आग उठते.

गेल्या महिन्यात तात्या सहीसाठी इथं आले होते. मागोमाग शिवम आला. मुद्दामच आला असावा. तो तात्यांना झाडाखाली घेऊन आला, माझ्यापासून दोन पावलांवर, आणि हळू आवाजात बोलू लागला. नवी गाडी घेतलीय म्हणाला. हिच्याहून वेगवान. तक्रार मागं घ्या, अख्खा दिवस तुम्हाला देतो, फेऱ्या मोजणार नाही, शेजारी कुणी बसणार नाही, तुम्ही एकटे.

तात्या माझ्या स्टिअरिंगकडे काचेतून बघत राहिले. त्यांना काय आठवत होतं ते मला माहीत होतं, कारण मलाही तेच आठवत होतं. तो सरळ रस्ता, तो काटा, तो उघड्या तोंडाचा आनंद. माणसाला आयुष्यात एकदा मिळालेली गोष्ट, तीही दीड फेरी. शिवमनं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं.

"चालवायची हौस हाय," तात्या म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पर तक्रार माझ्या एकट्याची न्हाय. खाली अकरा बायकांचे अंगठे हायत. त्यांच्या बागंत जा आन त्यांना इचारा. त्या व्हय म्हनल्या तर या माझ्याकडं."

शिवम बागेत गेला नाही. जाणारही नाही. तात्यांनी खिशातून रुमाल काढला, माझ्या काचेवरची थोडी धूळ पुसली, आणि बस पकडायला गेले.

मी इथं उभी आहे. तारखा पडतात, मला कुणी नेत नाही. शिवम आता सांगत फिरतो की पॅड घासलेले नव्हतेच, संभाजीनं दुसऱ्याच गाडीचे आणून दिले. फोटो काढायला येणाऱ्यांनो, तुम्हाला माझं एक सांगणं आहे. बॉनेटवर बसू नका, माझी कीव करू नका, आणि मला पुन्हा पळवण्याची भाषा तर अजिबात नको. त्या दिवशी संभाजीनं माझं पुढचं डावंच चाक उघडलं होतं. पुढचं उजवं चाक उघडायच्या आत शिवमनं ताडपत्री टाकली. ते आजपर्यंत कुणी उघडलेलं नाही. तिथल्या घासलेल्या पट्ट्या तशाच्या तशा आहेत.

या, आणि ते उघडा.